मदत हवी आहे: गरम पाण्याच्या रिटर्न लाइनला कोणता बॅलन्सिंग व्हॉल्व्ह (मजल्यामजल्यांत प्रवाह नीट विभागणारा)?

ग्वाल्हेर, लष्कर भाग. तीन मजली घर, गच्चीवर ३०० लिटरचा सोलर, आत २ किलोवॅटचा हीटर. तिन्ही मजल्यांच्या रिटर्न लाइनी (नळांपर्यंत आलेलं गरम पाणी परत टाकीकडे नेणारे पाइप) एकत्र करून छोटा पंप बसवलाय. वरच्या मजल्यावर नळ उघडताच चटका बसतो. तळमजल्यावर आईच्या न्हाणीघरात दीड बादली गार पाणी सोडलं तरी जेमतेम कोमट येतं. ऐन जानेवारीत!

पंपाचा स्पीड वाढवला, हवा काढली, गाळणी साफ केली (मूठभर क्षार निघाले, बोअरचं पाणी). वरच्या रिटर्नचा बॉल व्हॉल्व्ह अर्धा बंद केला की दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) आहे. पाइप सीपीव्हीसी. टाइल्स फोडणार नाही, पाइपांच्या शाफ्टमध्ये मात्र हात पोचतो.

प्लंबर म्हणतो मोठा पंप लावा. मला पटत नाही, जास्तीचं पाणी वरच्याच मजल्यातून फिरेल.

प्रत्येक रिटर्नवर, पाणी तापलं की आपोआप आवळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह घ्यावा, की ठरावीक प्रवाहच सोडणारा? दुसऱ्याला किमान दाबफरक (व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) लागतो, तो एवढ्याशा पंपाला झेपेल का? आणि आमच्या जड पाण्यात दोन्हींपैकी कोणता उशिरा जाम होतो?