गोव्याचा किनारा आणि बेटं फिरताना कोणत्या चुका टाळाव्यात? आपापले अनुभव लिहा

मांडवीकाठ

दिवाळी झाली की गोव्यात गर्दी सुरू होते आणि आमच्याकडे पाहुण्यांचे फोन पण सुरू होतात, कधी येऊ, कुठे राहू, कुठला बीच चांगला. सगळे हौसेने येतात, पैसे साठवून येतात, आणि त्याच त्याच चार गोष्टींत ट्रिपचा विचका होतो. कधी नुसता वेळ वाया जातो, कधी पैसे, आणि दरवर्षी काही घरांतली माणसं परतच जात नाहीत हेही खरं आहे. म्हणून हा धागा. इथे राहणाऱ्यांनी लिहा, फिरून गेलेल्यांनीही लिहा. नुसते बीच नकोत, दिवाड, चोडण, पाळोळेचं बेट, ग्रांद बेट, सगळं येऊ द्या. फक्त "काळजी घ्या" एवढंच लिहून थांबू नका, काय झालं आणि तिथे काय करायला हवं होतं तेवढं सांगा.

सुरुवात मी करते. दुपार. पणजी-म्हापशातली बरीच दुकानं एकच्या सुमाराला बंद होतात ती साडेतीन-चारशिवाय उघडत नाहीत. पाहुणे नाश्ता उशिरा करतात, बाराला बाहेर पडतात आणि लहान मुलं, आजी-आजोबा यांना घेऊन भर उन्हात बंद शटरं बघत फिरतात. इथली हवा दमट, घाम वाळत नाही, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. सकाळी सातला निघा, बाराला जेवायला परत या, झोपा, चारनंतर पुन्हा बाहेर पडा. आम्ही इथले लोक असेच राहतो.

काणकोणची सून

पाळोळे बीचच्या उत्तर टोकाला छोटं बेट आहे, सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या वेळी खडकांवरून चालत जाता येतं आणि इथेच दर सीझनला कुणी ना कुणी अडकतं. मागच्या एका डिसेंबरात आमच्या शेजारच्या रूमवर नाशिकचं कुटुंब उतरलं होतं, काका-काकू, सून आणि आठ-नऊ वर्षांचा नातू. सकाळी पाणी घोट्याएवढं होतं म्हणून हसत खेळत पलीकडे गेले, फोटो काढले, खडकावर बसून बिस्किटं खाल्ली आणि परत यायला निघाले तर मधल्या फटीत पाणी मांडीपर्यंत आलेलं. काका म्हणाले हात धरून जाऊ. सून शहाणी, तिने सासऱ्यांना थांबवलं आणि ओढणी हलवून होडीवाल्याला बोलावलं. भरतीचं पाणी त्या फटीतून आडवं ओढतं, खाली खडकांना कालवं आणि शिंपले चिकटलेले असतात, पाय घसरला की तळवा ब्लेडने कापल्यासारखा कापतो. नातवाचा पाय जाताना एकदाच टेकला होता तरी टाचेला चीर पडली होती, मी हळद लावायला गेले तर म्हटलं आधी गोड्या पाण्याने धुवू, वाळूचे आणि शिंपल्याचे बारीक कण आत राहतात. तेवढं धुवून मग दवाखान्यात नेलं.

तर अडकलात तर बेटावरच उंच जागी थांबा, होडीला हाक मारा. पाण्यात उतरू नका. आणि जायच्या आधी वेळ बघा. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनच्या सुमाराला भरती आणि तिथून साधारण सहा तासांनी, नऊला, पूर्ण ओहोटी. जागेप्रमाणे अर्धा-एक तास इकडे तिकडे होतो म्हणून होडीवाल्याला विचाराच. रोज भरती पाऊण तासाच्या वर पुढे सरकते, त्यामुळे काल दहाला गेलो होतो म्हणून आज दहाला जाऊ असं चालत नाही. पौर्णिमा-अमावास्येला तर पाणी जास्तच चढतं.

शिवाजी पेठ

आमचा कोल्हापूरचा ग्रुप होता, समुद्राची सवय कुणालाच नाही, पंचगंगेत पोहलेली मंडळी. लाल झेंडा होता पण त्याच्या बाजूला पाणी एकदम शांत दिसत होतं, दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्ये एक गुळगुळीत पट्टी. आमचा एक मित्र तिथेच उतरला कारण तिथे लाट नाही आणि पाच मिनिटांत तो जिथे दिसायला पाहिजे तिथे नव्हता, बराच आत गेला होता आणि किनाऱ्याकडे तोंड करून जीव तोडून हात मारत होता. जीवरक्षकाने फळी घेऊन त्याला आणला. नंतर त्या जीवरक्षकाने वाळूत काठीने काढून दाखवलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एका चिंचोळ्या पट्टीतून जोरात आत जातं, म्हणून त्या पट्टीत लाटा फुटत नाहीत. म्हणजे जिथे शांत दिसतं तीच ओढ. तिच्याविरुद्ध पोहून कुणी जिंकत नाही. पाठीवर तरंगायचं, एक हात वर करायचा, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहायचं, पट्टी रुंद नसते, बाहेर पडलं की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतात. आणि मित्र बुडताना दिसला तर मागून उडी मारू नका, शिट्टी मारा, जीवरक्षकाला बोलवा. एकाला वाचवायला गेलेले दोघं जातात असं तो पोरगा सांगत होता, सांगताना त्याचा आवाज बदलला.

मांडवीकाठ

@शिवाजी पेठ, हे सगळ्यांनी दोनदा वाचावं. भर घालते. गोव्यात 2008 पासून दृष्टी या कंपनीचे जीवरक्षक आहेत, सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहा. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरूच नका. बागा, केरी अशा नदी समुद्राला मिळते त्या जागी तर कुठल्याच महिन्यात नको. 2018 च्या जूनमध्ये सेल्फी काढताना लोक वाहून गेल्यावर 24 जागा नो सेल्फी म्हणून ठरवल्या, त्यात हणजूण, वागातोर, सिकेरीचा किल्ला, काब द राम सगळे आले. पावसात तिथला जांभा शेवाळाने इतका निसरडा होतो की उभंसुद्धा राहता येत नाही.

गालमो

मडगावची आहे, पाहुण्यांना जेवायला नेणं हे माझंच काम असतं. लोक जुलैत येतात आणि ताजी सुरमई, ताजा पापलेट मागतात. अहो, 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, 61 दिवस, मासे तेव्हा अंडी घालतात. त्या काळात तुमच्या ताटात येते ती सुरमई बर्फातली असते आणि पैसे ताज्याचे लागतात. पावसात इथे आम्ही काय खातो ते खा ना. नदीतले शेवटे नावाचे मासे, खाडीतल्या तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, सुक्या बांगड्याची चटणी, सुक्या सुंगटांची म्हणजे कोलंबीची किसमूर, त्यात ओलं खोबरं आणि कांदा, वर चिंचेचा कोळ. गरम उकडा भात, डाळ आणि किसमूर, बाहेर धो धो पाऊस. ऑगस्टनंतर या, मग मासळी बाजारात स्वतः जाऊन बघा, कल्ला लाल आणि डोळा वर आलेला असला की घ्या.

आणि उराक. मार्च ते मे मिळते, काजूची पहिली धार, फेणीपेक्षा हलकी म्हणून लोक दुपारी उन्हात ग्लासावर ग्लास पितात आणि तसेच पाण्यात जातात. हे करू नका, अगदी मनापासून सांगते.

काळी पाटी

भाड्याची गाडी घेताना नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत का बघा. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, स्वस्त मिळते, पोलिसांनी अडवलं तर दंड तुम्हाला आणि अपघात झाला तर विम्याचा घोळ. घ्यायच्या आधी गाडीभोवती फिरून ओरखड्यांचा व्हिडिओ काढा, मालकासमोर. ओला-उबर इथे चालत नाहीत, रात्री परत कसं यायचं ते जाण्याआधी ठरवा.

खोल पाणी

स्कूबा करणाऱ्यांसाठी. ग्रांद बेटाच्या ट्रिपा लोक शेवटच्या दिवशी ठेवतात, सकाळी डाईव्ह आणि संध्याकाळी फ्लाइट. हे धोक्याचं आहे. पाण्याखाली दाबाने नायट्रोजन रक्तात विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडायला हवा, विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. एकच डाईव्ह असेल तर किमान 12 तास, जास्त केल्या असतील तर किमान 18 तास उडू नये. माझ्या ओळखीच्या एका मुलीला इन्स्ट्रक्टरने हे सांगितलंच नव्हतं, तिने स्वतः विचारलं म्हणून कळलं आणि तिने तिकीट पुढे ढकललं. स्कूबा पहिल्या-दुसऱ्या दिवशी उरका. सर्दी असेल तर सोडून द्या, कान फुटू शकतो.

फेरीधक्का

मांडवीतल्या दिवाड बेटाबद्दल. जुने गोवे किंवा रायबंदरहून फेरीबोट, पायी माणसाला फुकट, काही मिनिटांत पलीकडे. लोक येतात, शेतातल्या रस्त्यावर गाडी आडवी लावून ड्रोन उडवतात, कुणाच्या तरी घराच्या पायरीवर बसून फोटो काढतात आणि तासाभरात परत. त्या घरात माणसं राहतात हो. पणजीतल्या फोंतेन्हासमध्ये पण हेच, आजारी म्हातारी माणसं आत झोपलेली आणि बाहेर प्री-वेडिंग. विचारा, बहुतेक जण हो म्हणतात, पाणीसुद्धा देतात.

आणि मराठी माणसाने दिवाडला येऊन नारवे न बघता जावं याचं मला फार वाईट वाटतं. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ या बेटावर होतं. पोर्तुगीजांनी पाडलं, मग भाविकांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेलं आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी केला. बेटावरची जुनी जागा बघा, मग फेरीने पलीकडे जाऊन आत्ताचं देऊळ बघा. एका सकाळीत होतं. शेवटची फेरी किती वाजता ते धक्क्यावर उतरल्या उतरल्या विचारून घ्या.

ओली वाळू

मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री टॉर्च मारू नका, फ्लॅश नको, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी रस्त्याकडे जातात. वाळूत गाडी घालणं तर गुन्हाच आहे.

बाटल्यांबद्दल पण. माझे काका रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायचे, अनवाणी, वीस-पंचवीस माणसं दोराला. त्यांच्या तळव्यात घुसलेली काच आईने सुईने काढलेली मी पाहिली आहे. उघड्यावर दारू पिण्याला 2019 मध्ये एकट्याला 2000 आणि ग्रुपला 10000 रुपये दंड ठरला, पण दंडासाठी नको, त्या पायांसाठी बाटली परत न्या.

सासवड एक्सप्रेस

आई-बाबांना घेऊन जानेवारीत यायचंय, राहणं आगोंदला. तिकीट कुठलं काढू? विमान मोपाचं स्वस्त दिसतंय.

मांडवीकाठ

@सासवड एक्सप्रेस, मोपा नको. ते उत्तर टोकाला पेडण्यात आहे, आगोंद दक्षिण टोकाला, शंभर किलोमीटरच्या आसपास, विमानात वाचलेले पैसे टॅक्सीत जातील. विमानाने आलात तर दाबोळी. रेल्वेने आलात तर थेट काणकोण स्टेशन, गाडी तिथे थांबत नसेल तर मडगाव. बाकीच्यांसाठी: हरमल-मोरजीला पेडणे, कळंगुट-बागाला थिवी, पणजीला करमळी, कोलवा-बाणावलीला मडगाव. आई-बाबांना जिने चालतात का तेवढं सांगा, त्याप्रमाणे आगोंदच्या रूमचं बघू, किनाऱ्यावरच्या बऱ्याच झोपड्या उंच खांबांवर असतात.