मदत हवी आहे: .३०८ च्या पुंगळीवरचं चकचकीत कडं

मंडळी, नमस्कार. टेक्ससला राहतो, रेंजवर बोल्ट ॲक्शन रायफलने कागदावर नेम धरणं एवढाच छंद. .३०८ विंचेस्टर काडतुसांच्या दोनेकशे झाडलेल्या, रिकाम्या पितळी पुंगळ्या साठल्यात. निम्म्या माझ्या, निम्म्या रेंजवरच्या एका काकांच्या. त्यांनी त्या किती वेळा पुन्हा दारू-गोळी घालून भरल्या, त्यांनाच आठवत नाही. मी पहिल्यांदाच भरणार आहे.

जुने प्रायमर (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोप्या) काढले, टंबलरमध्ये अक्रोडाच्या टरफलाच्या भुग्यात फिरवल्या. (बायको म्हणते, आजीची भांडी चिंचेने याहून लख्ख निघायची. खोटं नाही.) मग लूब (वंगण) लावून फुल-लेंग्थ डायमधून, म्हणजे फुगलेली पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्यातून, काढल्या. कमाल लांबी २.०१५ इंच, बऱ्याच २.०१८ निघाल्या, त्या ट्रिम करून २.००५ वर आणेन. इथवर ठीक.

अडलंय ते पुढे. काकांच्या सात-आठ पुंगळ्यांवर बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसतंय. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवलं, तर तीनमध्ये खाच लागली, नख अडकावं तशी. भिंत पातळ होऊन बूड तुटतं हे माहीत आहे, म्हणून त्या पक्कडीने चेपून भंगारात टाकल्या. बाकीच्यांत खाच नाही, नुसती चकाकी. ती डायची खूण समजू की तीही सुरुवातच?

शिवाय डाय शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकवून बसवली होती. पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतरता भाग) जास्त मागे ढकलला गेला असेल का? दोन हजारांश इंच पुरे म्हणतात. हे माप घ्यायला कंपॅरेटर (बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजायचं साधन) कोणता घेऊ? ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांनीच सांगा, प्लीज.