राहायला कुठे? मुंबईच्या आसपासचे पत्ते (अनुभव धागा)

‘गाव कोणतं?’ आणि ‘राहायला कुठे?’ हे आपल्याकडे दोन वेगळे प्रश्न. पहिल्याचं उत्तर पाठ असतं: संगमेश्वर, वाई, चाळीसगाव. घोळ होतो तो दुसऱ्यात. दहिसर-मुलुंडच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांनी इथे तेवढंच लिहावं: तुमच्याकडे ठिकाण कसं सांगतात, कोणाला काय सांगितलं की चटकन कळतं, कागदावर काय लिहायचं आणि फसगत कुठे होते. डोंबिवली मुंबईत धरायची की नाही, हे भांडण इथे नको. आठवणी नकोत, तपशील हवेत.

मुलुंड पूर्व

आधी हद्द. बृहन्मुंबईची हद्द १९५० साली वाढली, १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत आली आणि तिथेच थांबली. म्हणून मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे पालिका मुंबईची, पलीकडे ठाण्याची. जकात २०१७ साली गेली, हलक्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. ‘चेकनाका’ हा शब्द मात्र पत्त्यातून हललेला नाही, कारण रिक्षावाल्याला तोच कळतो.

जिल्ह्याची गोष्ट वेगळी. १९९० पासून मुंबईचे दोन जिल्हे आहेत. माहीम आणि शीवपर्यंत मुंबई शहर, वांद्रे-कुर्ल्यापासून पुढे मुंबई उपनगर. उपनगर जिल्ह्यात तालुके तीन: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. मुलुंडची मंडळी फॉर्मवर ‘जिल्हा मुंबई’ लिहून मोकळी होतात. बरोबर उत्तर: तालुका कुर्ला, जिल्हा मुंबई उपनगर. भांडुप, पवई, चेंबूर यांचंही तेच. मालाड-गोरेगावचा तालुका बोरिवली, वांद्रे ते जोगेश्वरी अंधेरी. शहर कुठे संपतं हे डोळ्यांनी बघायचं असेल तर रिक्षा बघा. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला ती दिसणार नाही.

डोंबिवली पूर्व

इथे उत्तराची लांबी विचारणाऱ्यावर ठरते. दिल्ली-बंगळुरूच्या माणसाला ‘मुंबई’. पुण्या-नाशिकच्या माणसाला थेट ‘डोंबिवली’, त्याला तेवढं पुरतं. कल्याण-ठाण्याच्या माणसाला ‘डोंबिवली ईस्ट’. आणि डोंबिवलीकराने विचारलं तर नुसतं ‘फडके रोडच्या मागे’, ‘टिळकनगर’, ‘एमआयडीसीत’ किंवा ‘मानपाडा रोड’. त्याला ईस्ट-वेस्ट सांगायची गरज नसते, कारण विष्णुनगर म्हटलं की पश्चिम आणि गोग्रासवाडी म्हटलं की पूर्व हे ठरलेलं आहे.

लोकलमध्ये ‘कुठे?’ एवढाच प्रश्न आला तर तो घराबद्दल नसतो. तुमची सीट कधी रिकामी होणार हे विचारलेलं असतं. उत्तर एका शब्दात: ‘दिवा’, ‘ठाणे’.

बोलण्यातली एक खूण. डोंबिवली-कल्याणचा माणूस ‘मुंबईला जातो’ म्हणतो, म्हणजे स्वतःला बाहेर धरतो. बोरिवलीचा माणूस दक्षिण मुंबईला ‘टाउनला जातो’ म्हणतो, म्हणजे मुंबईत असून टाउनबाहेर. हाच कल्याणचा माणूस कोल्हापुरात मात्र ‘आम्ही मुंबईचे’ म्हणेल, आणि त्यात खोटं काही नाही. लांबून बघणाऱ्याला जवळचं मोठं नाव द्यावं लागतं.

कागदावर: तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, पिन पूर्वेला ४२१२०१, पश्चिमेला ४२१२०२. शहराच्या रकान्यात ‘मुंबई’ लिहून खाली ४२१ टाकलंत तर पार्सल नेणारा पिन बघून येईल, पण बँकेत पत्ता पडताळणारा माणूस अडवेल.

ठाणे, पाचपाखाडी

सारख्या नावांनी जेवढे लोक चुकतात तेवढे कशानेच नाहीत. मानपाडा ठाण्यात घोडबंदर रोडला आहे आणि डोंबिवलीतही. टिळकनगर चेंबूरजवळचं हार्बर लाइनचं स्टेशन आहे आणि डोंबिवलीतली वस्तीही. नवघर मुलुंड पूर्वेला, भाईंदर पूर्वेला आणि वसईला. नायगाव दादरजवळचं वेगळं, भाईंदरच्या खाडीपलीकडचं स्टेशन वेगळं. वाशी नाका चेंबूरला आहे, वाशीला नाही. वाशी नावाचा आख्खा तालुका धाराशिव जिल्ह्यात आहे. वाशीतच एक जुहूगाव आहे, त्याचा समुद्रकिनाऱ्याच्या जुहूशी संबंध नाही. आणि सगळ्यात छळणारी तिकडी: कोपर हे दिवा-डोंबिवलीमधलं स्टेशन, कोपरी म्हणजे ठाणे पूर्व, कोपरखैरणे नवी मुंबईत. फोनवर ‘कोपर...’ एवढंच ऐकू आलं तर पुढचं विचारल्याशिवाय निघू नये.

उपाय सोपा आहे. वस्तीच्या आधी स्टेशन सांगायचं. ‘मानपाडा’ नको, ‘ठाणे, मानपाडा’.

नवी मुंबई, नेरूळ

आमच्याकडे स्टेशन आधी हा नियम निम्माच चालतो. सिडकोने, म्हणजे नवी मुंबई उभारणाऱ्या सरकारी कंपनीने, शहर नोड (वाशी, नेरूळ असे मोठे विभाग) आणि सेक्टरमध्ये आखलं, आणि सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये १ पासून पुन्हा सुरू होतात. सेक्टर १० वाशीलाही आहे, नेरूळलाही आणि खारघरलाही. म्हणून क्रम असा: इमारत, प्लॉट क्रमांक, सेक्टर, नोड. ‘सेक्टर १०, नवी मुंबई’ हा पत्ताच होत नाही. प्लॉट क्रमांक गाळू नका, कारण एकाच सेक्टरमध्ये एकाच नावाच्या दोन सोसायट्या सहज निघतात.

मूळ गावं वेगळी ओळखतात. सिडकोने ९५ गावांची जमीन घेतली, गावठाणं मधे तशीच राहिली. तिथला आगरी-कोळी माणूस ‘घणसोली गाव’, ‘वाशीगाव’, ‘सारसोळे’ म्हणतो. ‘गाव’ हा शब्द तिथे आवर्जून येतो. शेजारच्या टॉवरमधला ‘घणसोली सेक्टर अमुक’ म्हणतो. दोघांमध्ये कधी एका रस्त्याचं अंतर असतं. या माणसाला ‘गाव कोणतं’ आणि ‘राहायला कुठे’ यांचं उत्तर एकच, आणि उपनगरात असे लोक थोडे उरलेत.

खारघर

वरच्यात भर. खारघरच्या माणसाला विचारा कुठला, तर तो नवी मुंबई म्हणणार, आणि सिडकोच्या आराखड्याप्रमाणे ते बरोबर आहे. पण नवी मुंबई महानगरपालिका बेलापूरला संपते. खारघर, कामोठे, कळंबोली २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहेत. तालुका पनवेल, जिल्हा रायगड. गाडीचा नंबर एमएच ४६, वाशीचा एमएच ४३. पिन ४१०२१०, म्हणजे सुरुवात लोणावळा-कर्जतसारखी ४१० ने. पोलीस आयुक्तालय मात्र नवी मुंबईचं. आणि लोकसभेचं मत मावळला, म्हणजे पिंपरी-चिंचवडवाल्यांबरोबर. त्यामुळे मालमत्ता कराची तक्रार नवी मुंबई पालिकेकडे पाठवली तर ती परत येते, आणि दाखल्यासाठी ठाण्याच्या तहसीलला गेलं तर फेरी फुकट जाते.

कल्याण पश्चिम

लोकसभेचा विषय निघालाच आहे तर: कल्याण पश्चिम विधानसभा कल्याण लोकसभेत नाही, भिवंडीत आहे. उलट मुंब्रा-कळवा कल्याणमध्ये आहे. बदलापूर मुरबाड विधानसभेत, म्हणून तेही भिवंडी लोकसभेत. यादीत नाव शोधताना शहराच्या नावावर जाऊ नका.

कल्याणच्या पुढच्यांना पहिला प्रश्न येतो: ‘कसारा लाइन की कर्जत लाइन?’ शहाड, आंबिवली, टिटवाळा, आसनगाव ही कसारा. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही कर्जत. फलाटावरच्या पाटीवर कसाऱ्याला ‘एन’ आणि कर्जतला ‘एस’. नवखा माणूस नावाचं आद्याक्षर शोधत बसतो आणि गाडी सोडतो.

उल्हासनगरची रीत आणखी निराळी. फाळणीनंतर वसवलेली निर्वासितांची छावणी, त्यामुळे आजही पत्ता ‘कॅम्प नंबर तीन’ असाच. पिन लक्षात ठेवायला सर्वांत सोपा: कॅम्प १ चा ४२१००१, कॅम्प ५ चा ४२१००५. पण कॅम्प १ ला शहाडला उतरायचं आणि कॅम्प ४ ला विठ्ठलवाडीला. ‘उल्हासनगर स्टेशन’ सांगून पाहुण्याला लांब फिरवू नये.

वसई, गिरीज

रेल्वेने स्टेशनला ‘वसई रोड’ नाव दिलं, कारण वसई तिथे नव्हतीच. वसई गाव किल्ल्याच्या बाजूला, स्टेशनपासून आत. स्टेशनच्या पश्चिमेला लागून आहे ते मूळचं नवघर-माणिकपूर. म्हणून जुन्या माणसाला ‘वसई’ म्हटलं की गाव दिसतं, नव्याला स्टेशन. वसई गावचा पिन ४०१२०१, वसई रोड पश्चिमेचा ४०१२०२. गिरीज, निर्मळ, आगाशी, नंदाखाल इथली माणसं गावाचं नाव आधी सांगतात आणि ‘वसई’ मागून जोडतात. फ्लॅटमधली माणसं उलट: ‘वसई वेस्ट’, आणि मग सोसायटी.

२००९ साली चार नगरपरिषदा आणि काही गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. भाईंदर आणि नायगावमधली खाडी तेव्हापासून दोन जिल्ह्यांची हद्द आहे: अलीकडे ठाणे, पलीकडे पालघर. तरीही आठवड्याला एक तरी अर्ज ‘ता. वसई, जि. ठाणे’ लिहून येतच असणार.

कागदपत्रं भरून देणारे, बोरिवली

हे ‘येतच असणार’ बरोबर आहे. तीन ठिकाणी तीन वेगळी उत्तरं लागतात आणि लोक एकच उत्तर तिन्हीकडे देतात.

जन्मस्थान म्हणजे रुग्णालय जिथे होतं ते. घर डोंबिवलीला आणि बाळंतपण मुलुंडला झालं, तर दाखला मुंबई महापालिकेचा आणि जन्मस्थान मुंबई. शाळेत नाव घालताना जन्मगाव, तालुका, जिल्हा विचारतात, तिथे घरचा पत्ता ठोकून देऊ नका. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच उतरतं आणि नंतर दुरुस्तीला महिने जातात.

जुने जिल्हे: वसईचा २०१४ आधीचा दाखला ठाणे जिल्हा दाखवणार. पनवेलचा १९८१ आधीचा दाखला कुलाबा जिल्हा दाखवणार, कारण रायगड हे नाव तेव्हाचं नाही. जन्माच्या रकान्यात दाखल्यावर छापलं आहे तेच लिहा, राहण्याच्या पत्त्यात आजचा जिल्हा. कुलाब्याच्या बाबतीत एक कागद जास्त जोडा, कारण खिडकीवरचा तरुण माणूस ते मुंबईतलं कुलाबा समजतो.

जातीच्या दाखल्याला मात्र ‘गाव’ लागतं, उपनगर नाही. पूर्वज ठरलेल्या तारखेला कुठे राहत होते ते बघतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला आजोबा सिन्नरला असतील तर अर्ज नाशिक जिल्ह्यात, तुम्ही बोरिवलीत जन्मला असलात तरी.

विलेपार्ले

व्याकरणाचं थोडं. ठाण्याला, पार्ल्याला, कुर्ल्याला, वांद्र्याला, मुंब्र्याला, नालासोपाऱ्याला. ‘ठाणेला’, ‘कुर्लाला’ म्हटलं की माणूस नवा आहे हे कळतं. आणि ‘कर’ सगळ्यांना लागत नाही. पार्लेकर, डोंबिवलीकर, ठाणेकर, बदलापूरकर ऐकायला सरळ वाटतात. ज्या नावात ‘रोड’ किंवा ‘नाका’ आहे तिथे ‘कर’ अडखळतो. मीरा रोडकर कोणी म्हणत नाही, ‘मीरा रोडचे’ म्हणतात. घोडबंदर रोडचा माणूस म्हणूनच गुपचूप ठाणेकर होतो.

लांजा, येऊन-जाऊन दिवा

कोकणात गणपतीला आलेला प्रत्येक जण ‘मुंबईवाला’, मग तो परळचा असो की विरारचा. तिथे उपनगर समजावत बसू नये. एसटीचा डेपो सांगावा, तो घराघरात माहीत असतो: बोरिवली, अर्नाळा, नालासोपारा, विठ्ठलवाडी, परळ. गाडीच्या पाटीवर ‘मुंबई’ असेल आणि जायचं कल्याण-डोंबिवलीला असेल तर पनवेलला उतरून शीळफाटामार्गे जायचं, मुंबईपर्यंत जाऊन उलटं यायचं नाही. रेल्वेने असाल तर तिकीट पनवेल, दिवा किंवा ठाण्याचं, जी गाडी जिथे थांबते तसं. ‘मुंबईचं तिकीट काढ’ असं गावाकडच्या माणसाला सांगितलं की तो शेवटच्या स्टेशनचंच काढतो.

परदेशातून, मूळ अंबरनाथ

इथे ‘मुंबई’ म्हणून सोडून द्यायचं. समोरचा मराठी निघाला की प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात: मुंबईत कुठे, ईस्ट की वेस्ट, शाळा कोणती. तिसऱ्या प्रश्नानंतर पत्ता सांगावा लागत नाही.

डोंबिवली पूर्व

पत्रिकेवर पत्ता छापणाऱ्यांसाठी राहिलंच. ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ हे कोणत्या पुलावरून ते लिहा. मध्य रेल्वेवर ‘मुंबई बाजूचा पूल’ आणि ‘कल्याण बाजूचा पूल’, पश्चिम रेल्वेवर ‘चर्चगेट बाजू’ आणि ‘विरार बाजू’. बारा डब्यांच्या फलाटाच्या चुकीच्या टोकाला उतरलेला पाहुणा गर्दीत दहा मिनिटं घालवतो. पुढच्या डब्यात बसायचं की मागच्या, तेही लिहिलंत तर उत्तम. वयस्कर माणसांना याचा फार उपयोग होतो. आणि वांद्रे टर्मिनसला येणाऱ्यांना आधीच सांगा, ते पूर्वेला आहे आणि वांद्रे लोकल स्टेशनच्या दारात नाही, सामान असेल तर रिक्षा धरा.