शब्द वेगळे, वीण एकच

'परक्या शब्दांची संख्या मोजली की भाषा किती बदलली ते कळतं' हे म्हणणं मला अर्धंच पटतं. शब्द पटकन नजरेत भरतात, म्हणून आपण तेवढेच मोजतो. भाषावैज्ञानिक वाक्याची वीणही पाहतात, म्हणजे शब्द आणि प्रत्यय कोणत्या क्रमाने, कसे जोडले जातात ते. याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण आपल्या सांगलीजवळच्या कुपवाडचं आहे, आणि आपल्याकडेच ते फारसं कुणाला माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी तिथल्या मराठी, कानडी आणि उर्दू बोलींवरचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातलं एक वाक्य बघा. मराठीत 'पाला जरा कापून घेऊन आलो', तर तिथल्या उर्दूत 'पाला जरा काट के ले के आया'. एकेक तुकडा समोरासमोर बसतो: काप-काट, ऊन-के, घे-ले. कानडी वाक्यही याच क्रमाने जातं, आणि कानडी तर वेगळ्याच, द्राविडी कुळातली! पिढ्यान्‌पिढ्या शेतात नि बाजारात एकमेकांची भाषा बोलता बोलता तिन्हींचं व्याकरण इतकं जवळ आलं. तरी शब्द मात्र बरेचसे ज्याचे त्याच्याकडेच राहिले, कारण घरात प्रत्येक समाज आपलीच भाषा बोलत होता. नुसते उसने शब्द मोजत बसलो असतो तर एवढा मोठा बदल हातातून निसटला असता.