मदत हवी आहे: दिव्यांग कामगारांच्या शिलाई युनिटसाठी स्वतःची इमारत बांधायची आहे, निधी कसा उभारावा?

नमस्कार मंडळी,

इचलकरंजीत आमच्या छोट्या न्यासाचं शिलाई युनिट आहे. कामाला २६ जण. बहुतेक कर्णबधिर, सहाजण व्हीलचेअर किंवा कुबड्यांवर, चौघांना बौद्धिक अक्षमता. दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, कापडी पिशव्या शिवतो, कापड गावातल्याच यंत्रमागांवरचं. पगार दर महिन्याच्या ७ तारखेला आणि विक्रीतूनच होतो. हिशेब मी बघते म्हणून खात्रीने सांगते, पगारासाठी आम्ही कधी देणगी मागितलेली नाही.

अडचण जागेची आहे. शेड भाड्याची, नदीकडच्या अंगाला. २०१९ च्या पुरात पाणी मशीनच्या टेबलाला लागलं, २०२१ ला पुन्हा तेच. उंबरा हातभर उंच, आणि मालक रॅम्प करू देत नाहीत. रोज सकाळी दोघं-दोघं मिळून खुर्च्या उचलून आत घेतात. संडास तीन पायऱ्या उतरून. खुर्चीवरच्या दोघी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं. इतकी वर्षं रोज समोर बसून मला ते दिसलं नव्हतं. त्याच आठवड्यात विश्वस्तांची बैठक लावली.

एका सभासदांनी उंचावरची पाच गुंठे जागा बक्षीसपत्राने दिली, बिगरशेतीही झाली. बांधकाम साधारण ४५ लाख, वायरिंग आणि मशिनं १० लाख. चौदा महिन्यांत जमले साडेअकरा लाख.

वाढदिवसाला जेवण द्यायला, व्हीलचेअर वाटायला लोक आनंदाने येतात. भिंत आणि स्लॅब म्हटलं की गप्प होतात. शिवाय नव्या कररचनेत देणगीवरची ८०जीची करवजावट मिळत नाही, त्यामुळे मार्चमध्ये हमखास येणारे काही नोकरदार यंदा आलेच नाहीत. अमेरिकेतल्या दोन ओळखीच्यांनी मोठी रक्कम देऊ केली होती, पण ते आता तिथले नागरिक आहेत आणि आमच्याकडे परदेशी देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी नाही, म्हणून नाही म्हणावं लागलं. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. असे कुणी असतील तर त्यांच्यापर्यंत कसं पोहोचायचं?

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायच्या निधीचं सांगते. तो घ्यायला लागणारी सीएसआर-१ नोंदणी आमच्याकडे आहे, आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणीही आहे. दिव्यांगांचं रोजगार कौशल्य आणि उपजीविका कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात बसते. २०२१ च्या नियमांनुसार सीएसआरच्या पैशातून झालेली मालमत्ता नोंदणीकृत न्यासाच्या नावावर राहू शकते. तरी एका कंपनीत ‘आम्ही बांधकामाला देत नाही, प्रशिक्षणाचा प्रस्ताव आणा’ असं उत्तर मिळालं. आमच्या लोकांना प्रशिक्षण नको आहे हो, त्यांना काम येतं. एक कर्णबधिर ताई ओव्हरलॉक मशीनच्या डोक्यावर तळवा ठेवते आणि बेअरिंग कधी जाणार ते सांगते. मेकॅनिकसुद्धा आधी तिला विचारतो.

कोल्हापूरला नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ साली उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था आमच्या डोळ्यांसमोर आहे. त्यांचं घरौंदा वसतिगृह आम्ही सगळे बघून आलो. आमच्यातली एकजण तिथे कुणाचा हात न धरता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. परत येताना गाडीत काहीच बोलली नाही.

आता नेमकं विचारते. सीएसआरमधून इमारत मिळवलेली लहान संस्था कुणाच्या माहितीत आहे का, आणि प्रस्ताव कसा मांडला होता? संपूर्ण इमारत मागण्याऐवजी रॅम्प-संडास, छप्पर, मशिनं असे तुकडे करून वेगवेगळ्यांकडे मागावं का? महापालिकेचा दिव्यांगांसाठीचा ५ टक्के राखीव निधी इमारतीला वापरता आल्याचं कुठे घडलंय का? कर्ज काढायला विश्वस्त तयार नाहीत, आणि मलाही पगाराच्या पैशातून हप्ते नको आहेत.

एक गोष्ट अडून बसल्यासारखी वाटेल, पण सांगते. एका हितचिंतकांनी केविलवाणे फोटो टाकून आवाहन करा असं सुचवलं. मी कामगारांना विचारलं. खुणांनी बराच वेळ बोलणं झालं आणि सगळ्यांनी नाही म्हटलं. फोटो घ्यायचा तर मशीनवर बसलेला, हातात कापड असलेला, नावासकट. तसं आवाहन चालवून ज्यांनी पैसे उभे केले असतील त्यांचा अनुभव मला सगळ्यात आधी ऐकायचा आहे. मजकूर कसा लिहिला होता, सुरुवात कुठून केली होती, काहीही सांगा. पावसाळ्याच्या आत जोत्यापर्यंत तरी काम आणायचं आहे.