मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसते, मग कोविडचे मृत्यू मोजले कसे गेले?

पाचपाखाडीकर (प्रश्न)

माझे वडील एप्रिल २०२१ मध्ये नवी मुंबईतील एका खासगी रुग्णालयात, दाखल झाल्यापासून सतराव्या दिवशी वारले. दाखल करताना आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह होती. चौदाव्या दिवशीची निगेटिव्ह आली, पण तोवर फुप्फुसे निकामी झाली होती. रुग्णालयाच्या कागदावर मृत्यूचे कारण म्हणून 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' एवढीच ओळ आहे. महानगरपालिकेच्या दाखल्यावर नाव, तारीख, ठिकाण, पत्ता सारे आहे, पण कारणाचा रकानाच नाही. परवा आईचे कपाट आवरताना ती फाइल पुन्हा हाती आली. मी अनुदानासाठी विचारत नाही. बाबा मोजले गेले का, आणि गेले असतील तर राहत्या पत्त्यावर ठाण्यात की नवी मुंबईत, हे जाणकारांनी सांगावे.

अतिदक्षता विभागातील डॉक्टर

दाखल्यावर कारण नसणे ही चूक नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ प्रमाणे मृत्यूच्या नोंदीचा उतारा देताना त्यावर कारण उघड करता येत नाही. कारण लिहिले जाते ते 'नमुना ४' मध्ये, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात, आणि तो रुग्णालयाकडून जन्म-मृत्यू निबंधकाकडे जातो. घरी झालेल्या मृत्यूसाठी 'नमुना ४अ' असतो.

या नमुन्याच्या पहिल्या भागात वरच्या ओळीवर अखेरची अवस्था लिहायची आणि 'हे कशामुळे?' असे विचारत एकेक ओळ खाली उतरायचे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत वर एआरडीएस (फुप्फुसांचा तीव्र बिघाड), त्याखाली न्यूमोनिया आणि तळाशी कोविड-१९ अशी साखळी व्हायला हवी होती. मोजणीत सहसा ही तळाची ओळच मूळ कारण म्हणून धरली जाते. विषाणू चाचणीत सापडला असेल तर तिला आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला यू०७.१ हा सांकेतांक मिळतो. मधुमेह, रक्तदाब यांची जागा दुसऱ्या भागात. हृदय आणि श्वास थांबणे हे तर मरणाऱ्या प्रत्येकाचेच होते, म्हणून ते मूळ कारण म्हणून लिहू नये, असे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या मार्गदर्शनातही आहे. तरीही दुसऱ्या लाटेच्या त्या दोन महिन्यांत पीपीई किट अंगावर असताना, पुढच्या रुग्णाची खाट रिकामी व्हायची वाट पाहत भरलेल्या कितीतरी अर्जांवर नेमकी तीच ओळ पडली. मी कनिष्ठांचे असे अर्ज परत पाठवले आहेत, पण काही माझ्या नजरेतूनही सुटले असतील आणि त्याची मला आजही खंत वाटते.

निवृत्त नोंदणी कर्मचारी

मृत्यूची नोंद तो जिथे घडला तिथे होते, त्यामुळे तुमच्या वडिलांची नोंद नवी मुंबईच्या निबंधकाकडे असणार. साथीची दैनंदिन आकडेवारी मात्र वेगळ्या वाटेने, चाचणी अहवाल आणि आरोग्य विभागाच्या यादीवरून तयार होत असे, आणि तीत राहत्या पत्त्याला महत्त्व होते. या दोन वह्या आपोआप जुळत नाहीत. जून २०२० मध्ये राज्याने जुळवणी केली तेव्हा एकाच दिवशी १,३२८ मृत्यू यादीत वाढले, आणि त्यांतले ८६२ मुंबईचे होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या निकालानंतर केंद्राने सप्टेंबरमध्ये सूचना काढल्या. चाचणीपासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, मग तो घरी झालेला का असेना, कोविडचा मानावा आणि वाद असल्यास जिल्हास्तरीय समितीने निर्णय द्यावा, असे त्यांत होते. सतरावा दिवस या मुदतीत सरळ बसतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक झाले आहे. ही तरतूद तेव्हा असती तर तुम्हाला हा प्रश्न पडलाच नसता. आताही रुग्णालयाच्या अभिलेख विभागाकडे नमुना ४ ची प्रत लेखी मागून पाहा.

ऐरोलीहून

माझी आत्या त्याच महिन्यात गावठाणातल्या घरी गेली. ताप होता, वास येत नव्हता, चाचणी मात्र झाली नाही. तिचा मृत्यू नोंदला गेला, पण कोविडच्या कोणत्याही यादीत ती नाही. अशी माणसे केवळ एकूण मृत्यूंच्या संख्येत दिसतात. देशात २०१९ मध्ये सुमारे ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १०२.२ लाख मृत्यू नोंदले गेले. ही सगळी वाढ कोविडची म्हणता येणार नाही, कारण नोंदणीचे प्रमाणही वाढत आले आहे. तरी २०२१ अखेरपर्यंतचा कोविड मृत्यूंचा अधिकृत आकडा ४.८ लाखांच्या आसपास होता, हे शेजारी ठेवून पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने त्या दोन वर्षांतील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख दिला आणि केंद्र सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. मला दोन्हीकडच्या गणितापेक्षा एक गोष्ट जास्त सलते: २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांनाच वैद्यकीय कारण जोडलेले होते. बाकीच्यांच्या बाबतीत तळाची ओळ लिहिणारेच कोणी नव्हते.

पाचपाखाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. फाइल पुन्हा उघडली. पहिल्या चाचणीचा अहवाल ३ एप्रिलचा आहे आणि दाखल्यावरची मृत्यूची तारीख १९ एप्रिल. या दोन्हींच्या प्रती जोडून नमुना ४ साठीचा अर्ज सोमवारी वाशीला जाऊन स्वतः देईन. ऐरोलीच्या ताई की दादा, आपल्या आत्याबद्दल वाचून फार वाईट वाटले.