केटी (राहिलेला विषय), रूम आणि उतरलेलं मन: तुम्ही नेमकं काय केलंत? (अनुभव धागा)

निळी सायकल
धागा काढायचं कारण सांगते. मागच्या सेमला माझा एमथ्री म्हणजे गणिताचा पेपर परत राहिला, ही तिसरी वेळ. त्यानंतर दीडेक महिना मी कॉलेजला जात होते, हजेरी लावत होते, कॅन्टीनमध्ये हसतही होते, पण रूमवर आलं की भिंतीकडे तोंड करून पडायचं. कुणी विचारलं तर "झोप नाही झाली गं" हे उत्तर तयारच. सेल्फ केअर म्हणून शोधलं तर सुगंधी मेणबत्त्या आणि टबात बसून आंघोळ, आणि आमच्या हॉस्टेलला गरम पाणी सकाळी सहा ते साडेसात, तेही एक बादली.

तर माझा अनुभव बादलीचाच आहे. कपडे भिजत घातले आणि चार दिवस हातच लावला नाही. पाण्याला आंबूस वास सुटला, लाल ओढणीचा रंग पांढऱ्या कुर्त्याला लागला. रूममेट एक शब्द बोलली नाही, बादली मोरीत ओढली आणि म्हणाली तू पीळ, मी वाळत घालते. दोघींनी सगळे कपडे परत धुतले, मध्येच मला रडू फुटलं तर म्हणते, रड, पण पिळताना जोर लाव. त्या रात्री दीड महिन्यात पहिल्यांदा मी मेसला जाऊन दोन पोळ्या खाल्ल्या.

तुमचंही लिहा. काय उपयोगी पडलं, काय नाही पडलं, दोन्ही. उपदेश नको, "पॉझिटिव्ह राहा" तर अजिबात नको.

कॉटबेसिस
मी सदाशिव पेठेत, टीवायला म्हणजे तिसऱ्या वर्षाला असतानाच एमपीएससीच्या नादाला लागलो. एका खोलीत पाच कॉट, अभ्यासिकेत प्लायच्या दोन फळ्यांमधली जागा, समोर चिकटवलेलं टाइमटेबल, आणि रस्त्यावर बाहेर पडलं की प्रत्येक चौकात निवड झालेल्यांचे फ्लेक्स, फेटा बांधून. त्यात राज्यसेवेची मेन्स २०२५ पासून वर्णनात्मक होणार म्हटल्यावर आधी पाठ केलेलं सगळं पाण्यात गेल्यासारखं वाटलं, खरं तर गेलं नव्हतं पण त्या वेळी तसंच वाटतं. रात्री दोनपर्यंत जागायचं, चहा प्यायचा, सकाळी अकराला उठायचं आणि उठल्या उठल्या अपराधी वाटायचं.

खोलीतला एक दादा रोज पर्वती चढायचा, एके दिवशी त्यानं मला अक्षरशः पांघरूण ओढून नेलं. १०३ पायऱ्या, पहिल्या दिवशी तीनदा बसलो. वर गेलो म्हणून प्रश्न सुटले वगैरे काही नाही. पण साडेसहाला उठायचं म्हणून रात्री झोप यायला लागली आणि संध्याकाळी पाचनंतरचा चहा मी बंद केला, या दोन गोष्टींनी जो फरक पडला तो मोटिवेशनच्या शंभर व्हिडिओंनी पडला नव्हता. टेलिग्रामचे ग्रुप म्यूट केले हे तिसरं, जागा निघाल्या तर कळतंच हो, कुणीतरी ओरडत येतंच.

तीळगूळ_९
माझं छोटंसं आहे. मी फार्मसीला. वर्षभर थकवा, रडू येणं, वाचलेलं लक्षात न राहणं, पायाला मुंग्या. सगळे म्हणाले टेन्शन घेतेस. मीही तेच म्हणायचे. शेवटी मावशीनं बळंच रक्त तपासायला लावलं तर हिमोग्लोबिन ८ आणि बी१२ सुद्धा बरंच कमी. घरात शुद्ध शाकाहारी, मेसचं दूध म्हणजे पाणी. डॉक्टरांनी इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या, थायरॉईडही बघून घेतलं. दोनेक महिन्यांत मी माणसात आले. सगळ्यांचं असंच निघेल असं नाही, पण मन मन करण्याआधी एकदा रक्त तपासा एवढंच.

बाकावरचा_वकील
वरचं सगळं छान आहे पण मी जरा वेगळं लिहितो, कारण "चालायला जा" हे मला इतक्या जणांनी सांगितलं की मी चालून चालून दमलो. डोंबिवलीहून रोज ट्रेननं लॉ कॉलेज, चालणं काय कमी होतं का. चाललो, ध्यान केलं, डायरी लिहिली, डायरीत रोज तेच वाक्य. चार महिने झाले, वजन कमी झालं, आवडीचं काही आवडेना, क्रिकेटची मॅच चालू असली तरी नजर पडद्यावर आणि डोकं भलतीकडे.

शेवटी सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत गेलो. केसपेपर काढला, मानसोपचार विभाग कुठे विचारताना आवाज इतका खाली आला की खिडकीतल्या माणसानं दोनदा विचारलं. आणि दुसऱ्यांदा मी जरा मोठ्यानं सांगितलं, रांगेतल्या कुणी वळूनही बघितलं नाही, ज्याला त्याला आपापली पडलेली असते. डॉक्टर मॅडमनी गोळी सुरू करतानाच सांगितलं की दोन ते चार आठवडे फारसं काही जाणवणार नाही, सुरुवातीला मळमळेल, मनानं बंद करायची नाही. तेच झालं. दहाव्या दिवशी मी बंद करणार होतो, आईनं ऐकलं नाही. बाबा आधी "वेड्यांचा डॉक्टर कशाला" म्हणाले होते, आता तेच रात्री विचारतात, गोळी घेतली का रे. पाचव्या आठवड्यात एकदा ठाकुर्लीला गाडी थांबलेली आणि मला वडापावचा वास आला. म्हणजे वास रोज येतच असणार. तेव्हा कळलं काहीतरी परत सुरू झालंय.

निळी सायकल
@बाकावरचा_वकील हे लिहिलंस ते फार बरं केलंस. गोळीबद्दल कुणी बोलतच नाही.

मांडवीकाठ
मी गोव्याची, पणजीला शिकते. सगळ्यांना वाटतं तुमच्याकडे समुद्र आहे तर टेन्शन कसलं. मिरामारला एकटी जाऊन बसले की माझं उलट वाढायचं, सगळे घोळक्यानं आलेले असतात ना. मला उपयोगी पडलं ते घुमट, आमच्याकडचं आरतीचं वाद्य. चवथीच्या म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी वाड्यावरची पोरं आरतीची प्रॅक्टिस करतात, भावानं मलाही बसवलं. मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड डाव्या हातानं उघडझाक करायचं. पहिल्या आठवड्यात बोटं सुजली. पण चुकलं की साथीला शामेळ नावाचं वाद्य वाजवणारा लगेच डोळे वटारतो, त्यामुळे वाजवताना दुसरा विचार करायला वावच नाही. चवथ संपली तशी परत थोडी खाली गेले, खोटं कशाला सांगू. मग कॉलेजच्या कौन्सिलरकडे गेले, ती भेट अजून चालू आहे.

आखनची_आमटी
मास्टर्सला जर्मनीत आहे. डिसेंबरात आखनला सकाळी साडेआठला उजाडतं आणि संध्याकाळी साडेचारला अंधार, त्यात पाऊस. आईला व्हिडिओ कॉलवर "सगळं मस्त" सांगायचं म्हणून मी फक्त त्या कोपऱ्यातला पसारा आवरायचो जो कॅमेऱ्यात दिसतो. बाकी खोलीत पिझ्झाचे खोके. एक दिवस फोन हातातून पडला आणि आईला सगळी खोली दिसली. ती ओरडली नाही, गप्प झाली, मग म्हणाली कुकर लाव, मी इथंच आहे. तूरडाळ शिजेपर्यंत कॉल चालू. आता दर रविवारी तसंच करतो, ती तिकडे, मी इकडे, बोलायला काही नसलं तरी शिट्ट्या मोजायच्या. विद्यार्थ्यांसाठी इथं समुपदेशन फुकट मिळतं, तिथेही नाव घातलं, नंबर यायला काही आठवडे गेले. दिवसा ऊन दिसलं की लेक्चर सोडून बाहेर पळतो, लाज वाटत नाही.

अकोलेकर
मी अकोल्याचा, हॉस्टेलले नागपूरला. नाव लिहीत नाही, समजून घ्या. सेकंड इयरला एका रात्री डोक्यात नको ते विचार यायला लागले, म्हणजे आपण नसलो तर बरं असे. आधी पण यायचे पण त्या रात्री थांबेचनात. मित्राला उठवायची हिंमत नव्हती, त्याचा सकाळी पेपर. नोटीस बोर्डावर १४४१६ लिहिलेलं रोज पाहायचो, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन, २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास. मराठी निवडता येते. जिन्यात बसून लावला. मले वाटलं होतं की पत्ता विचारतील, घरी कळवतील, घाबरलोच होतो. त्या ताईनं पहिले विचारलं, जेवले का? मी म्हटलं नाही. मग विचारलं आत्ता एकटे आहात का, जीव द्यायचे विचार येताहेत का, असं सरळच विचारलं. कुणीतरी सरळ विचारलं म्हणून मी हो म्हणू शकलो. तिनंच सांगितलं की मित्राला उठवा, पेपर असू द्या. उठवलं. तो शिव्या देत उठला आणि मग काही न बोलता त्याची गादी ओढून माझ्या बाजूला टाकली. पेपर त्याचा चांगला गेला, हे तो आजही ऐकवतो. सकाळी आम्ही तर्रीपोहे खाल्ले, मग दोघं मिळून डॉक्टरकडे गेलो.

सुमनकाकू_सातारा
पोरांनो, मी तुमच्या आईच्या वयाची. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, हल्ली फोनवर हं, हो, ठीक एवढंच बोलतो. मी रोज विचारते अभ्यास झाला का. वरचं वाचून वाटतंय चुकतंय माझं. काय विचारू त्याला?

निळी सायकल
काकू, चुकतंय असं नाही हो. पण अभ्यास झाला का म्हटलं की आम्हाला उत्तर खोटंच द्यावं लागतं. माझी आई आता विचारते आज मेसला काय होतं, आणि मग मेसच्या भाजीला शिव्या देता देता वीस मिनिटं जातात, त्यात बाकीचं पण निघतं. तरी तो नुसतं हं म्हणत राहिला तर सरळ जाऊन या हॉस्टेलवर, लाडू घेऊन, कारण न सांगता.

सुमनकाकू_सातारा
शनिवारी जाते. बेसनाचे आवडतात त्याला.

कॉटबेसिस
काकू, खोलीत किती जण आहेत ते विचारून डबा भरा, नाहीतर त्याला एकच मिळेल.